ट्रान्सडक्शन

जीवाणुभक्षी विषाणूंमार्फत (बॅक्टेरियोफाज) एका जीवाणूतील जनुके दुसऱ्या जीवाणूत जाण्याची क्रिया. नॉर्टन झिंडर व जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये साल्मोनेला जीवाणूंवरील प्रयोगांतून ती उजेडात आणली. यू आकाराच्या नळीत जीवाणूंचे दोन वाण सूक्ष्म गाळणीने वेगळे ठेवले, तरी जनुके पलीकडे पोहोचत होती. डीएनए नष्ट करणारे विकर घातल्यावरही ती थांबली नाहीत. म्हणजे ती उघडी नव्हे, कशात तरी सुरक्षित जात होती. वाहक निघाला पी२२ हा विषाणू.

हे सगळे घडते ते विषाणूच्या चुकीमुळे. पेशीत त्याच्या प्रती तयार होताना एखाद्या प्रथिन-कवचात विषाणूच्या डीएनएऐवजी जीवाणूच्या गुणसूत्राचा तुकडा भरला जातो. असा कण नव्या पेशीला चिकटून तो तुकडा आत सोडतो, पण तिला मारू शकत नाही. तुकडा यजमानाच्या गुणसूत्रात सामावला, तर गुणधर्म कायम होतो. यात कोणतेही जनुक जाऊ शकते, म्हणून हे सर्वसाधारण ट्रान्सडक्शन. लॅम्डा विषाणू मात्र ई. कोलायच्या गुणसूत्रात ठरावीक जागी बसतो आणि चुकीचा कापला गेल्यास शेजारचीच जनुके नेतो. हा विशिष्ट प्रकार.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये प्रतिजैविकरोध पसरण्याचा हा एक प्रमुख मार्ग आहे. विषाणूने स्वतःचीच जनुके देऊन जीवाणूचा गुणधर्म बदलणे ही याच्या जवळची, पण वेगळी क्रिया होय. पटकीच्या जीवाणूचे विष तयार करणारी जनुके अशाच एका विषाणूची असल्याचे १९९६ मध्ये सिद्ध झाले.