एका विहिरीची कथा

समतेची घोषणा करणें सोपें; परंतु तींतील आपला वांटा स्त्रियांना बहुधा स्वतःच मिळवावा लागतो. १९२० सालीं हैफा येथें ज्यू कामगारांचा ‘हिस्तद्रुत’ हा संघ स्थापन झाला. शेतांत राबण्याच्या उमेदीनें पॅलेस्टाइनमध्यें आलेल्या तरुणींच्या वांट्यास मात्र पुष्कळदां स्वयंपाकघर व धुणेंच येई. म्हणून १९२१ मध्यें त्यांनीं कामकरी स्त्रियांचें स्वतंत्र मंडळ काढिलें.

त्यांपैकीं राहेल यानाइत या जेरुसलेम येथें रोपवाटिका चालवीत. तेथें पाण्याची वाण होती. विहिरीसाठीं ५०० डॉलर हवेत, असें त्यांनीं अमेरिकेंतील मैत्रिणींस कळविलें. त्या भगिनींनीं रक्कम तर जमविलीच. शिवाय १९२५ सालीं ‘पायोनिअर विमेन’ ही देशव्यापी स्वयंसेविका संघटनाही उभारिली. बायकांनीं वेगळी चूल कशास मांडावी, असा आक्षेप पक्षांतील पुरुषांनीं घेतला. पण त्या डगमगल्या नाहींत. मुलींचीं शेतकी शिक्षणकेंद्रें व पाळणाघरें यांना त्यांचें साहाय्य मिळूं लागलें.

१९३२ ते १९३४ या काळांत गोल्डा मेयर्सन या संघटनेच्या चिटणीस होत्या. त्याच पुढें गोल्डा मेयर या नांवानें १९६९ मध्यें इस्राएलच्या पंतप्रधान झाल्या.

श्रोतेहो, स्वयंपाकघराबाहेर पडण्यासाठीं या स्त्रियांना वेगळी चूलच मांडावी लागली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.