प्रोटॉनांच्या टकरी आणि चेन्नईतील गणित

चेन्नई : दोन प्रोटॉन प्रचंड वेगाने एकमेकांवर आदळतात, तेव्हा खरी टक्कर होते ती त्यांच्या अंतरंगातील क्वार्क आणि ग्लुऑन यांची. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये अशा टकरींतून काय आणि किती निर्माण व्हावे, याचा आगाऊ हिशेब मांडणारे एक केंद्र चेन्नईच्या तारामणी भागात आहे. इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस ही संस्था अल्लादी रामकृष्णन यांच्या पुढाकाराने ३ जानेवारी १९६२ रोजी स्थापन झाली. तेथे कोणतेही त्वरणयंत्र नाही. काम चालते ते फळ्यावर, कागदावर आणि संगणकावर.

क्वार्कची कल्पना मरे गेल-मान व जॉर्ज झ्वाइग यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. क्वार्कना बांधून ठेवणाऱ्या ग्लुऑनचा प्रत्यक्ष पुरावा १९७९ मध्ये हॅम्बुर्ग येथे मिळाला. हे बल अंतर कमी होईल तसे क्षीण होते, हे १९७३ मध्ये ग्रॉस, विल्चेक व पॉलिट्झर यांनी दाखविले आणि गणिताची वाट मोकळी झाली. आधी ढोबळ अंदाज काढायचा, मग एकेका जादा ग्लुऑनचा परिणाम जमेस धरून तो सुधारत न्यायचा, अशी ही रीत आहे.

टकरींच्या ऊर्जेला या बलाची मात्रा साधारण ०.१ इतकी असते. त्यामुळे प्रत्येक दुरुस्ती आधीच्या पदाच्या दशांशाएवढी असावी, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. हिग्ज बोसॉनने ती साफ खोटी ठरविली. दोन ग्लुऑनांच्या मीलनातून हिग्ज निर्माण होण्याच्या गणितात पहिलीच दुरुस्ती मूळ अंदाजाहून मोठी निघाली. तिसऱ्या पायरीपर्यंतचा हिशेब पूर्ण झाल्यावर २०१६ मध्ये १३ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेसाठी जो आकडा हाती आला, तो सुमारे ४८.६ पिकोबार्न, म्हणजे मूळ अंदाजाच्या तिप्पट होता. पहिल्याच पायरीवर कोणी थांबले असते, तर २०१२ मध्ये सापडलेला कण सिद्धान्तातील हिग्जच आहे की निराळाच कोणी, हे ठरविणे अवघड झाले असते.

या प्रकरणात दुसऱ्या पायरीचा संपूर्ण हिशेब करणाऱ्या मोजक्या गटांपैकी एकात व्ही. रवींद्रन होते. जे. स्मिथ व डब्ल्यू. एल. व्हॅन नीर्व्हेन यांच्यासह त्यांनी तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे ते चेन्नईच्या संस्थेत आले. २०१४ मध्ये तौशिफ अहमद, मागुणी महाखुड व नारायण राणा यांच्यासह त्यांनी 'ड्रेल-यान' प्रक्रियेची तिसरी पायरी एका महत्त्वाच्या मर्यादेत गाठली. या प्रक्रियेत क्वार्क व प्रतिक्वार्क परस्परांना नष्ट करतात आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनसारखी जोडी उमटते. जवळजवळ सारी ऊर्जा जोडीलाच गेली, तर उरतात ते केवळ मंद ग्लुऑन. मंद ग्लुऑनांना उगम क्वार्कचा की ग्लुऑनचा, याचे फारसे सोयरसुतक नसते. दोहोंच्या 'रंग'भारांचे गुणोत्तर ९:४ तेवढे लक्षात घ्यावे लागते. त्याच वर्षी युरोपीय गटाने काढलेले हिग्जचे उत्तर या गुणोत्तराच्या आधारे ड्रेल-यानसाठी उतरविता आले. युक्ती सोपी वाटते, पण तिच्यामागे कित्येक वर्षांची बैठक आहे.

मर्यादेविना संपूर्ण तिसरी पायरी २०२० मध्ये अन्य संशोधकांनी पूर्ण केली. जानेवारी २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य असलेल्या भारताच्या वाट्याला यंत्रसामग्रीइतकेच हे कामही येते. ड्रेल-यानची मोजमापे आता टक्क्याच्या आसपास अचूक आहेत. सिद्धान्ताचा आकडा त्याहून ढिला राहिला, तर एखाद्या नव्या कणाची चाहूल त्या फटीतच विरून जाईल.