सोडमुंज आणि निरोपसमारंभ

विद्या पुरी झाली म्हणजे गुरुगृहाचा निरोप घेण्याची रीत आपल्याकडे फार पुरातन आहे. गृह्यसूत्रांत तिला समावर्तन म्हटलें असून मराठी घरांत ती सोडमुंज या नांवानें परिचित आहे. मेखला व दंड धारण करणारा ब्रह्मचारी त्या दिवशीं मंगलस्नान करी, नवीं वस्त्रें नेसे, आणि छत्री व जोडा घेऊन घरीं परते. जीं सुखसाधनें इतकीं वर्षें वर्ज्य होतीं, तींच त्याला विधिपूर्वक मिळत. शिक्षणाच्या अखेरीस नटण्याची हौस केवळ पाश्चात्त्यांकडून आली, असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

खर्चाचा प्रश्नही तितकाच जुना आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत, समावर्तनाच्या वेळीं शिष्यानें गुरूला यथाशक्ति द्यावें असें सांगून वस्तूंची यादी दिली आहे. तींत शेत, सोनें, गाय व घोडा आहेत, तसेंच धान्य आणि भाजीपालाही आहे. शेत देणारा आणि भाजी देणारा, दोघेही सारखेच स्नातक !

तरीही हट्ट सुटत नसे. रघुवंशाच्या पांचव्या सर्गांत कालिदासानें कौत्साची कथा सांगितली आहे. वरतंतु मुनि त्याच्या सेवेनेंच तृप्त होते. परंतु दक्षिणा घ्याच, असा आग्रह त्यानें धरला. अखेर रागावून गुरूंनीं चौदा विद्यांबद्दल चौदा कोटि मागितले. कौत्स रघुराजाकडे गेला, तों विश्वजित् यज्ञांत सर्वस्व दान केलेल्या राजाजवळ मातीचें पात्र तेवढें उरलें होतें ! ही कोट्यवधींची मागणी गुरूच्या लोभांतून निघाली नव्हती. ती शिष्याच्या हट्टांतून निघाली होती.

इंग्रजी अमलांत गुरुगृहाची जागा शाळेनें घेतली आणि स्नानाची जागा परीक्षेनें. १८५९ सालीं मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली; उत्तीर्ण झालेल्या एकवीस जणांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. पुढें शाळोशाळीं निरोपसमारंभ रूढ झाला. मुख्याध्यापकांचें भाषण, चहाचिवडा आणि एक सामुदायिक छायाचित्र, एवढ्यांत तो आटपत असे.

अमेरिकेंत याच प्रसंगाला ‘प्रॉम’ नांवाच्या नृत्यसमारंभाचें रूप आलें. तेथील व्हिसा कंपनीच्या पाहणीप्रमाणें त्याचा दर कुटुंबामागें सरासरी खर्च २०११ सालीं ८०७ डॉलर होता, तो २०१३ सालीं ११३९ डॉलरांवर गेला. त्याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट अशी कीं, वर्षाला पन्नास हजार डॉलरांहून कमी मिळवणारीं घरें १२४५ डॉलर, तर अधिक मिळवणारीं ११२९ डॉलर खर्चूं पाहत होतीं. आपलें मूल उणें दिसूं नये म्हणून गरीबच अधिक खर्च करतो.

नागपुरास हें वारें लागलें नाहीं असें नाहीं. धंतोलीचेंच उदाहरण घ्यावें. ही वस्ती आज रुग्णालयांची म्हणून ओळखली जाते. येथें डॉक्टरांचे बंगले आहेत, आणि त्याच रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या आया व वॉर्डबॉयही आहेत. अशा दोन घरांतील मुलें शाळेंत एका बाकावर बसूं शकतात, कारण गणवेश दोघांचा एकच असतो. निरोपाच्या दिवशीं गणवेश सुटतो आणि घरची स्थिति उघडी पडते. साडी, भाड्याचा कोट, केशभूषा, हॉटेलांतील भोजन यांची वर्गणी ठरली, म्हणजे एखादी मुलगी ‘मला बरें नाहीं’ म्हणून घरीं राहते. तिच्या आईला खरें कारण कळतें. वर्गाला कळत नाहीं.

हौस मोडावी असें कोणीही सुज्ञ म्हणणार नाहीं. शास्त्रकारांनींही ती मोडली नाहीं. परंतु त्यांनीं यादींत भाजीपाल्याला जागा ठेवली. शाळेच्याच पटांगणांत समारंभ करावा, आणि वर्गांतील सर्वांत गरीब घराला झेपेल तेवढीच वर्गणी ठरवावी, इतकें पालकांनीं व शिक्षकांनीं मिळून केलें तरी पुरे. दहा वर्षें एकत्र शिकलेल्यांपैकीं एकजण पैशापायीं दाराबाहेर राहिला, तर त्या समारंभांत निरोप कोणी कोणाचा घेतला ?