पाव मैलाची शिस्त

वेगाचे वेड तारुण्याइतकेच जुने आहे. ते बंदीने मरत नाही आणि मोकाट सोडले तर माणसे मारते. या पेचातून कॅलिफोर्नियातील एका पिढीने वाट कशी काढली, हे पाहण्यासारखे आहे.

१९३२ साली हेन्री फोर्डने आठ सिलिंडरांचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन सामान्यांच्या मोटारीत बसविले. काही वर्षांनी ती मोटार जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. बेताच्या ऐपतीच्या मुलांनी ती घेतली, मडगार्ड उतरवून वजन घटविले, एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन-तीन बसविले, सिलिंडरांवरील हेड तासून दाब वाढविला. ही विद्या त्यांना घरामागच्या गॅरेजात, बोटे सोलून घेत मिळाली. १९४५ नंतर युद्धावरून परतलेल्या सैनिकांतील मेस्त्र्यांनी तीत भर घातली.

गाडी सिद्ध झाली. पण पळवावयाची कोठे? म्यूरॉक व एल मिराज ही कोरडी सरोवरे वाळवंटात, शहरापासून दूर. तेव्हा रात्री शहराच्या रस्त्यांवरच शर्यती लागत. अपघात होत, आणि ‘हॉट रॉड’ हा शब्द गुंडगिरीचा पर्याय होऊन बसला.

१९५० साली सांता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर रीतसर शर्यती सुरू झाल्या. पुढल्याच वर्षी वॉली पार्क्स या संपादकाने ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन केली. १९५३ साली पोमोना येथे तिची पहिली अधिकृत शर्यत झाली, तीही पोलिसांच्या सहकार्याने! काल ज्यांना पकडावयाचे, त्यांनाच आज जागा मिळवून द्यावयाची, हा बदल लहान नव्हे.

नियम साधा होता. दोन गाड्या, सरळ रस्ता, अंतर पाव मैल, म्हणजे १३२० फूट. उभ्या गाडीने निघावयाचे. जी आधी पोचेल ती जिंकली. पण येथे नुसती शक्ती कामाची नाही. शक्ती फार झाली तर मागची चाके जागीच फिरतात आणि टायरांचा धूर होतो. म्हणून वजन मागच्या चाकांवर आणावे लागते, टायर मऊ घ्यावे लागतात, आणि पायाला संयम शिकवावा लागतो. निघण्यापूर्वी गाडीची तपासणी होते. तीत नापास झालेल्याला धावता येत नाही.

तरीही धोका संपला नाही. ८ मार्च १९७० रोजी लाँग बीच येथे डॉन गार्लिट्स या विख्यात शर्यतपटूच्या गाडीतील दातेचक्रांची पेटी निघतानाच फुटली आणि त्याच्या उजव्या पावलाचा भाग तुटला. त्या काळी चालक इंजिनाच्या मागे बसे. गार्लिट्सने शर्यत सोडली नाही, रचना बदलली: इंजिन मागे, माणूस पुढे. १९७१ साली त्याच गाडीने तो पोमोना येथे जिंकला, आणि पाहता पाहता इतरांनीही ती रचना उचलली. पुढे २००८ साली एका चालकाच्या मृत्यूनंतर सर्वांत वेगवान गाड्यांसाठी अंतरच १००० फुटांवर आणण्यात आले.

ज्या पाव मैलावरून या खेळाची ओळख, तोही माणसासाठी कमी करण्यात आला. तरुणांना आवरावे कसे, हा प्रश्न प्रत्येक गावापुढे असतो. त्यांना हक्काची जागा द्यावी, नियम द्यावेत, आणि अपघात घडला की त्यातून शिकून ते नियम बदलण्याची तयारी ठेवावी, हेच या इतिहासाचे उत्तर आहे.