आजी जिजाऊ

गेल्या महिन्यात रायगडावर जाऊन आलो. गड उतरताना पाय बोलायला लागले होते, तरी या वेळी ठरवलंच होतं की पाचाडला थांबायचं. बहुतेक गाड्या तिथून सरळ पुढे निघून जातात. पाचाडला जिजाऊंच्या वाड्याचे अवशेष आहेत, विहीर आहे आणि जवळच त्यांची समाधी आहे. उतारवयात गडावरचा वारा सोसवेना, म्हणून महाराजांनी आईसाठी पायथ्याशी हा वाडा बांधला, असं सांगतात.

समाधीपाशी बसलो होतो. एक बाई आपल्या नातवाला सांगत होत्या, "ही शिवाजी महाराजांची आई बरं का." पोरानं विचारलं, "मग संभाजी महाराजांची कोण?" बाई म्हणाल्या, "आजी." आणि ते पोर आपल्या आजीकडे असं काही बघायला लागलं, की जणू त्याला आत्ता कुठे काहीतरी कळलं.

खरं सांगू, मलाही तेव्हाच कळलं. जिजाऊ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिवनेरी येतो, लाल महाल येतो, मांडीवरचा बाळ शिवबा येतो. पण त्यांनी एक नाही, दोन छत्रपती वाढवले. आणि दुसऱ्या वेळी त्या साठीच्या पुढे होत्या. आजचा भाग त्या दुसऱ्या वेळेचा.

आधी थोडं मागं जाऊ. जिजाऊ सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवरावांची लेक. जन्म 1598 चा. 1629 च्या जुलै महिन्यात देवगिरीवर, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशहानं लखुजींना दग्यानं मारलं. त्यांच्याबरोबर मुलगेही गेले आणि नातूही. एका दिवसात माहेर संपलं. आता हिशेब करून बघा. शिवनेरीवर महाराजांचा जन्म झाला 19 फेब्रुवारी 1630 ला. म्हणजे वडील आणि भाऊ गेल्याची बातमी आली तेव्हा जिजाऊंना दिवस गेलेले होते. ते दुःख पोटातल्या जिवासकट त्यांनी पेललं.

मग थोरला मुलगा संभाजी. तो शहाजीराजांजवळ कर्नाटकात असायचा. कनकगिरीच्या लढाईत तो पडला. त्यामागे अफजलखानाचा दगा होता, असं मानलं जातं. 14 मे 1657 ला पुरंदरावर नातू जन्मला आणि त्याचंही नाव संभाजी. मंडळी, गेलेल्या लेकाच्या नावानं रोज नातवाला हाक मारायची. आपल्या घरांत अशी नावं ठेवली जातात. ठेवणाऱ्याच्या मनात काय चालतं, ते तोच जाणे.

नातू सव्वादोन वर्षांचा झाला आणि सप्टेंबर 1659 मध्ये राजगडावर सईबाई गेल्या. वेळ कोणती? अफजलखान स्वराज्यावर चालून आला होता. प्रतापगडाची भेट पुढे दोनच महिन्यांनी, 10 नोव्हेंबरला झाली. बाप मोहिमेवर, आई गेलेली, आणि समोरचा शत्रू तोच, ज्याचं नाव थोरल्या लेकाच्या मृत्यूशी जोडलेलं. संभाजीराजांना दूध पाजायला कापूरहोळच्या धाराऊ गाडे होत्याच. पण पोर झोपलं का, जेवलं का, रडतंय कशाला, हे बघणारी घरातली मोठी बाई एकच. जिजाऊ. वय 61.

इथे जरा माझं सांगतो. मी चार वर्षांचा असताना माझी आई गेली. आजीनं वाढवलं. ती पहाटे उठून माझा डबा करायची, शाळेच्या फाटकापर्यंत यायची. तिची सून गेली होती, तिलाही रडायचं असेल, हे माझ्या डोक्यात आलं ते ती गेल्यानंतर. म्हणून हा भाग करताना आवाज जरा जड झाला तर सांभाळून घ्या.

1664 च्या जानेवारीत शहाजीराजे होदिगेरेजवळ शिकारीत घोड्यावरून पडून गेले. जिजाऊ सती जायला निघाल्या होत्या आणि महाराजांनी त्यांना विनवून थांबवलं, असं बखरीत येतं. त्या थांबल्या. घरात तेव्हा साडेसहा वर्षांचा नातू होता, एवढंच मी म्हणेन.

त्या थांबल्या म्हणून पुढचं निभावलं. 1665 ला पुरंदरचा तह झाला, 23 किल्ले गेले. पुढच्या मार्चमध्ये महाराज आग्र्याला निघाले, बरोबर संभाजीराजे. मागे राज्याचा कारभार जिजाऊंवर. म्हणजे लेक आणि नातू दोघंही औरंगजेबाच्या दारात, आणि इथे ही सदुसष्ट-अडुसष्ट वर्षांची बाई गड सांभाळतेय. 12 मे ला दरबार झाला, महाराज नजरकैदेत पडले. त्यानंतर दोनच दिवसांनी नातवाला नऊ वर्षं पूर्ण झाली.

ऑगस्टमध्ये महाराज निसटले. राजगडावर पोचले ते मुलाशिवाय. त्याला मथुरेला मागे ठेवलं होतं आणि शत्रूनं माग काढू नये म्हणून तो वाटेत वारला, अशी आवई उठवली होती. राजकारण म्हणून ठीक आहे. पण नातू हाती परत येईपर्यंत आजीचे ते दिवस कसे गेले असतील? इतिहासाची पानं तिथे गप्प आहेत. ज्यांच्या घरी कुणी वाट बघत बसलंय, त्यांना ते सांगायला नको.

6 जून 1674. रायगडावर राज्याभिषेक झाला. लेक छत्रपती झाला आणि 17 वर्षांचा नातू युवराज. अकरा दिवसांनी, 17 जूनला, पाचाडच्या वाड्यात जिजाऊ गेल्या.

त्यानंतर घरातला ताण वाढत गेला. 1678 च्या डिसेंबरात संभाजीराजे दिलेरखानाच्या गोटात गेले, वर्षभरात परतही आले. आजी असती तर ते गेले असते का, असल्या जर-तरला इतिहासात जागा नाही. पण मला एवढं दिसतं की बापानं आणि लेकानं, दोघांनीही जिचं ऐकावं अशी बाई त्या घरात उरली नव्हती. अशी माणसं घरात असतात तोवर त्यांचं काम दिसत नाही. ती गेली की एकेक गोष्ट अडायला लागते.

तेव्हा पुढच्या वेळी रायगडाला गेलात, तर गाडी पाचाडला थांबवा. बरोबर लहान मूल असेल तर त्याला तिथे न्या आणि म्हणा, ही शिवबांची आई, आणि शंभूराजांची आजी. आणि आजी घरी असेल, तर हा भाग तिलाही ऐकवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.