भरपाईची निवड
अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधील 32 संघ दरवर्षी महाविद्यालयीन खेळाडू सात फेऱ्यांत पाळीपाळीने निवडतात. एखाद्या संघाचे करार संपलेले खेळाडू इतर संघांनी नेले आणि तेवढ्या तोलाचे बाहेरून मिळाले नाहीत, तर त्या संघाला पुढल्या वर्षी तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या अखेरीस जादा निवड मिळते. एका संघाला जास्तीत जास्त चार. गेलेल्या खेळाडूचा नवा पगार, तो किती वेळ मैदानात उतरला आणि त्याला मिळालेले सन्मान यांवर फेरी ठरते. त्यात पगाराचे वजन सर्वांत जास्त. ही सोय 1994पासूनची; 2017पासून अशी निवड दुसऱ्या संघाला देताही येते. संघाने स्वतःहून मोकळा केलेला खेळाडू हिशेबात धरत नाहीत, आणि ते रास्तच आहे.

क्रिकेटच्या आयपीएलमध्ये अशी भरपाई नाही. लातूरशेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील, तुळजापूरचा वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर चेन्नईने 2022च्या लिलावात दीड कोटीला घेतला. पुढे तो लखनौकडे गेला, तेव्हा चेन्नईला बदली निवड मिळाली नाही. काही मोठ्या लिलावांत जुन्या संघाला अखेरच्या बोलीइतकी रक्कम मोजून खेळाडू परत घेता आला, पण ते पैसे त्या संघालाच भरावे लागले.