शाळेतून काढलेली मुलं घोड्यांच्या तबेल्यात काय शिकतात?

इंग्लंडमध्ये एखाद्या मुलाला शाळेने कायमचं काढून टाकलं, तर सहाव्या शालेय दिवसापासून त्याच्या शिक्षणाची सोय करणं ही तिथल्या स्थानिक प्रशासनाची कायदेशीर जबाबदारी असते. ही सोय दर वेळी दुसऱ्या शाळेतच होते असं नाही. काही मुलं गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करायला शिकतात, काही शेतावर जातात. आणि काही मुलं आठवड्यातला एखाद-दुसरा दिवस घोड्यांच्या तबेल्यात घालवतात.

तिथे ती घोड्याला खरारा करतात, लीद काढतात, चारा मोजतात. याला शिक्षण म्हणायचं का, असा प्रश्न पडणं साहजिक आहे. त्याचं उत्तर शोधण्याआधी ही मुलं तिथपर्यंत का पोहोचतात हे पाहायला हवं.

मुलांना शाळेबाहेर का काढलं जातं?

सरकारी आकडेवारीनुसार २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात इंग्लंडच्या शाळांमध्ये कायमचं काढून टाकण्याच्या जवळपास १०,९०० घटना नोंदवल्या गेल्या. काही दिवसांसाठी घरी बसवण्याच्या, म्हणजे तात्पुरत्या निलंबनाच्या घटना साडेनऊ लाखांच्या वर होत्या. दोन्हींमध्ये सर्वाधिक नोंदवलेलं कारण एकच: वर्गात सतत व्यत्यय आणणं.

माजी मंत्री एडवर्ड टिम्प्सन यांनी या विषयावर सरकारसाठी केलेला अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कायमचं काढलेल्यांपैकी ७८ टक्के प्रकरणांत मूल विशेष शैक्षणिक गरजा असलेलं, समाजसेवा विभागाने मदतीची गरज असल्याचं नोंदवलेलं किंवा मोफत जेवणाला पात्र ठरणाऱ्या गरीब घरातलं होतं. काहींच्या बाबतीत यातल्या एकापेक्षा जास्त गोष्टी लागू होत्या. कायमचं काढलेल्या मुलांपैकी फक्त ७ टक्के मुलं पुढे जीसीएसई परीक्षेत इंग्रजी आणि गणित या दोन्ही विषयांत चांगले गुण मिळवू शकली, असंही त्यात म्हटलं होतं. जीसीएसई म्हणजे आपल्याकडच्या दहावीसारखी, साधारण सोळाव्या वर्षी होणारी परीक्षा.

याशिवाय शाळेने न काढताही शाळेत जाऊ न शकणारी मुलं असतात. चिंता, छळ किंवा गोंगाट सहन न होणं अशा कारणांनी ती गेटपर्यंत जातात आणि परत फिरतात.

'पर्यायी शिक्षण' म्हणजे काय?

आजारपण, शाळेतून काढलं जाणं किंवा अन्य कारणाने ज्या मुलाला शिक्षण मिळणार नाही, त्याची योग्य सोय प्रशासनाने करावी, असं १९९६ च्या शिक्षण कायद्याचं १९ वं कलम सांगतं. या सोयींना तिथे 'अल्टरनेटिव्ह प्रोव्हिजन', म्हणजेच पर्यायी शिक्षण म्हणतात.

त्यात सरकारी केंद्रं येतात, तशा खासगी आणि धर्मादाय संस्थाही येतात. घोड्यांसोबत काम करणारी केंद्रं बहुतेक दुसऱ्या गटात मोडतात. मूल अनेकदा शाळेच्या पटावरच असतं. आठवड्यातले काही दिवस शाळा, काही दिवस तबेला अशी विभागणी होते आणि खर्च शाळा किंवा स्थानिक प्रशासन करतं.

तबेल्यात दिवस कसा जातो?

घोडेस्वारी शिकवणं हा इथला मुख्य हेतू नसतो. अनेक केंद्रांत मुलं घोड्यावर बसतही नाहीत. सगळं काम जमिनीवरून चालतं.

आधी घोड्याजवळ कसं जायचं ते शिकवलं जातं. थेट मागून जायचं नाही, बाजूने जायचं, आवाज देत जायचं. मग मोरकी घालणं, खरारा करणं, खूर उचलून त्यातली माती आणि खडे काढणं. पुढे घोड्याला दोरीने धरून ठरलेल्या वाटेने चालवणं, आडव्या ठेवलेल्या बांबूंवरून नेणं, थांबवणं, मागे सरकवणं.

अभ्यासही याच कामातून काढला जातो. घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या साधारण दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो. मग ५०० किलोच्या घोड्याला किती किलो? आठवड्याला किती? गवताचा एक गठ्ठा किती दिवस पुरेल आणि महिन्याचा खर्च किती होईल? टक्केवारीचं हेच गणित फळ्यावर पाहून जो मुलगा वही मिटतो, तो इथे ते सोडवण्याची शक्यता वाढते, कारण उत्तर चुकलं तर घोडा उपाशी राहणार असतो. औषधाच्या बाटलीवरच्या सूचना वाचणं आणि घोड्याची रोजची नोंदवही लिहिणं हा भाषेचा भाग.

१९४७ मध्ये स्थापन झालेली ब्रिटिश हॉर्स सोसायटी ही संस्था 'चेंजिंग लाइव्हज थ्रू हॉर्सेस' नावाचा उपक्रम चालवते. शाळेपासून तुटलेल्या मुलांमध्ये संवाद, जबाबदारी, आत्मविश्वास अशी कौशल्यं वाढवणं हा त्याचा हेतू आहे.

घोडाच का?

घोडा शाकाहारी आहे आणि निसर्गात तो शिकाऱ्याचं भक्ष्य असतो. त्यामुळे आजूबाजूच्या हालचाली टिपणं हा त्याच्या जगण्याचा भाग आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं. कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात. समोरच्या माणसाचं अंग ताठ झालं, आवाज चढला, पावलं झपाझप पडली की घोडा लगेच प्रतिसाद देतो.

याचं जुनं उदाहरण बर्लिनचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त गणित शिक्षकाचा 'हान्स' नावाचा घोडा बेरजा-वजाबाक्या करतो म्हणून गाजला होता. तो जमिनीवर टाप आपटून उत्तर द्यायचा. मानसशास्त्रज्ञ ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासणी केली, तेव्हा १९०७ मध्ये खरी गोष्ट समोर आली. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल, तर हान्सलाही ते येत नसे. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याच्या चेहऱ्यात आणि मानेत नकळत होणारा सूक्ष्म बदल पाहून तो थांबायचा. म्हणजे त्याला गणित येत नव्हतं, माणूस वाचता येत होता.

इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये २८ घोड्यांना माणसांच्या रागीट आणि हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. रागीट चेहरा पाहताना घोडे डाव्या डोळ्याचा जास्त वापर करत होते आणि त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढत होते.

वर्गात ओरडणाऱ्या मुलाला शिक्षक रागावतात, नोंद होते, घरी फोन जातो. तबेल्यात तोच मुलगा ओरडला तर घोडा दोन पावलं मागे जातो, एवढंच. मुलाने श्वास संथ केला, खांदे सैल सोडले, की तोच घोडा पुन्हा जवळ येऊ शकतो. आपल्या वागण्याचा परिणाम मुलाला लगेच दिसतो, आणि तो दुरुस्तही करता येतो. घोड्याला मुलाचा शाळेतला इतिहास माहीत नसतो.

मात्र 'घोड्याला माणसाच्या मनातलं सगळं कळतं' असे दावे जपून घ्यावेत. तो प्रामुख्याने शरीराला, आवाजाला आणि हालचालीला प्रतिसाद देतो. त्यातून मुलाने काय शिकायचं हे समजावणारा प्रशिक्षित माणूस शेजारी लागतोच.

ही कल्पना आली कुठून?

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय लुळे पडले, घोड्यावर चढा-उतरायला मदत लागायची. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या अश्वक्रीडा प्रकारात त्यांनी रौप्यपदक जिंकलं. अपंगांसाठी घोडेस्वारीच्या चळवळीला त्यातून मोठं बळ मिळालं. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन' स्थापन झाली.

पुढे याच्या शाखा झाल्या. घोड्याच्या चालीचा उपयोग करून शारीरिक उपचार करणं म्हणजे हिप्पोथेरपी. मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली होतो तो मानसोपचार. शाळेपासून दूर गेलेल्या मुलांसाठीचं काम हे या दोन्हींपेक्षा वेगळं, शिकण्याशी जोडलेलं आहे.

शहरी वस्त्यांतही असे प्रयोग झाले. लंडनच्या ब्रिक्स्टन भागात १९९६ मध्ये सुरू झालेला एबनी हॉर्स क्लब आसपासच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी काम करतो. ही शाळा नव्हे, युवक केंद्र आहे. तिथे घोडेस्वारी शिकलेल्या खदिजा मेल्लाह या १८ वर्षांच्या मुलीने २०१९ मध्ये गुडवुड इथली मॅग्नोलिया कप शर्यत हिजाब घालून जिंकली, तेव्हा या क्लबचं नाव जगभर पोहोचलं.

खरंच फायदा होतो का?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा २०१४ मधला अभ्यास बऱ्याचदा सांगितला जातो. पाचवी ते आठवीच्या मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून एका गटाला ११ आठवडे घोड्यांसोबतचा कार्यक्रम दिला, दुसऱ्या गटाला प्रतीक्षा यादीत ठेवलं. लाळेतल्या कॉर्टिसॉल या तणावाशी संबंधित संप्रेरकाचं प्रमाण पहिल्या गटात कमी आढळलं.

त्याच वर्षी मानसिक आजारांवरच्या घोडा-आधारित उपचारांच्या १४ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष कठोर होता: या उपचारांच्या परिणामकारकतेला पुरेसा आधार नाही. अनेक अभ्यास छोटे होते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. फायदा घोड्यामुळे झाला, मोकळ्या हवेमुळे, नावीन्यामुळे की एका मोठ्या माणसाने निवांत लक्ष दिल्यामुळे, हे वेगळं करणं कठीण जातं.

म्हणून 'घोड्याने मुलगा सुधारला' असं सरसकट म्हणता येत नाही. शिकणं नकोसं झालेल्या मुलाला पुन्हा कुठेतरी वेळेवर यावंसं वाटलं, तर पुढच्या शिक्षणाला सुरुवात करता येते, इतकं मात्र म्हणता येईल.

अडचण कुठे आहे?

इंग्लंडमध्ये पाच किंवा अधिक मुलांना पूर्णवेळ शिक्षण देणाऱ्या संस्थेला शाळा म्हणून नोंदणी करावी लागते. विशेष गरजांचा सरकारी आराखडा असलेलं किंवा प्रशासनाच्या देखभालीखालचं एक मूल असलं तरी हा नियम लागू होतो. पण अर्धवेळ चालणारी केंद्रं त्यात येत नाहीत. त्यामुळे शाळांची तपासणी करणारी ऑफस्टेड ही यंत्रणा तिथे नियमित जात नाही. या नोंदणी नसलेल्या केंद्रांमधल्या मुलांचं संरक्षण वाढवण्यासाठी सरकारने २०२४ मध्ये लोकांची मतं मागवली.

दुसरा धोका जास्त शांतपणे येतो. मूल तबेल्यात खूश आहे, शाळेलाही वर्गात शांतता मिळाली आहे, मग त्याला परत आणण्याची घाई कुणालाच राहत नाही. दोन वर्षं अशीच गेली तर सोळाव्या वर्षी हातात परीक्षेचा निकाल नसतो.

भारतात काय स्थिती आहे?

इथली चौकट वेगळी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १६ व्या कलमानुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद चौथ्या कलमात आहे. आठवीनंतर मात्र हे संरक्षण संपतं.

केंद्र चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

मुलाला पाठवण्याआधी पालकांनी आणि शाळेने काही गोष्टी विचारायला हव्यात. कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली आहे का? घोडा जाणणारा आणि मुलं जाणणारा, असे दोघेही हजर असतात का? हेल्मेट आणि विम्याची सोय आहे का? मुलाला दमा किंवा ॲलर्जी असेल तर काय करतात? घोड्यांना पुरेशी विश्रांती मिळते का? रोजची हजेरी शाळेला कळवली जाते का? इंग्रजी आणि गणित कोण शिकवतं?

आणि सर्वात महत्त्वाचं: मूल इथून कधी आणि कुठे जाणार, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं आहे का?